लिलाँग्वेतला ताळमेळ

१३ सप्टेंबर २०१३ च्या रात्री आफ्रिकेतल्या मलावीच्या अर्थखात्याचे अर्थसंकल्प संचालक राजधानी लिलाँग्वेत आपल्या घराच्या फाटकापाशी गोळ्या लागून जबर जखमी झाले. त्याच सुमाराला एका कनिष्ठ लेखा कर्मचाऱ्याच्या गाडीत नोटांच्या थप्प्या सापडल्या. पुढे 'कॅशगेट' या नावाने गाजलेलं प्रकरण जगापुढे आलं ते असं. हिशेब तपासणाऱ्यांना खरा हादरा बसला तो ऑक्टोबरमध्ये, दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या त्या दिवशी. मी तेव्हा मलावीला थेट अर्थसंकल्पीय साहाय्य देणाऱ्यांच्या बाजूने तिथल्या सरकारी हिशेबव्यवस्थेची पाहणी करणाऱ्यांमध्ये होतो. पुढचा हप्ता सोडायचा की रोखायचा, याबद्दल आमच्याकडून मत मागवलं होतं.

हे साहाय्य चालतं कसं, ते आधी सांगायला हवं. प्रकल्पाच्या मदतीत देणगीदार स्वतःचं वेगळं बँक खातं उघडतो, स्वतःचे नियम लावतो आणि आपल्या पैशातून अमुक शाळा उभी राहिली असं दाखवू शकतो. अर्थसंकल्पीय साहाय्यात यातलं काही नाही. पैसा सरळ त्या देशाच्या तिजोरीत जातो आणि त्या देशाच्या विधिमंडळाने मंजूर केलेल्या अर्थसंकल्पातून, त्यांच्याच कोषागार नियमांनी खर्च होतो. भारतानेही २०२० मध्ये मालदीवला २५ कोटी डॉलरचं असं साहाय्य दिलं. मालदीव सरकारच्या रोख्यांची स्टेट बँकेने खरेदी केली आणि पैसा तिथल्या सरकारच्या हाती गेला. मलावीत ब्रिटन, युरोपीय संघ, नॉर्वे, जर्मनी, आफ्रिकी विकास बँक आणि जागतिक बँक यांनी यासाठी एक सामायिक गट केला होता. प्रकल्पांचा पैसा धरला, तर सरकारच्या अर्थसंकल्पाचा सुमारे ४० टक्के भाग परदेशी मदतीवर उभा होता.

हप्त्याचा प्रवास ठरलेला असतो. अर्थखातं मागणीपत्र पाठवतं. त्याला धोरण अहवाल, खर्चाचे तिमाही तक्ते आणि ठरलेल्या निर्देशांकांचे पुरावे जोडलेले असतात. युरोपीय संघाच्या पद्धतीत चार गोष्टी पाहतात: विकासाचं धोरण विश्वासार्ह आहे का, अर्थव्यवस्था स्थिर आहे का, सरकारी पैशाचा कारभार सुधारतो आहे का आणि अर्थसंकल्प लोकांसमोर मांडला जातो का. हप्त्याचे दोन भाग असतात. स्थिर भाग या चारही अटी पाळल्या तरच मिळतो, नाहीतर काहीच नाही. बदलता भाग निर्देशांकांवरच्या कामगिरीप्रमाणे पूर्ण, निम्मा किंवा शून्य मिळतो. फाइल मंजूर झाली की युरो किंवा पौंड मलावीच्या रिझर्व्ह बँकेच्या परदेशातल्या खात्यात जमा होतात, आणि रिझर्व्ह बँक त्या दिवसाच्या दराने तितके क्वाचा, म्हणजे मलावीचं चलन, सरकारच्या मुख्य खात्यात टाकते. जमा झाल्याची तारीख, विनिमय दर आणि रक्कम सांगणारं पत्र देणगीदाराला येतं. त्याच्या पैशाचा शेवटचा माग हाच. नदीत ओतलेली घागर पुन्हा वेगळी काढता येत नाही, तसं पुढे 'आमचे क्वाचा कुठे गेले' हा प्रश्नच उरत नाही. म्हणून देणगीदाराला विश्वास ठेवावा लागतो तो संपूर्ण यंत्रणेवर.

त्या दिवशी आम्ही एका सरकारी खात्याचे सहा महिन्यांचे कागद मागवले होते. एक यादी सरकारच्या संगणकीय हिशेबप्रणालीतून काढलेली. एपिकॉर या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या या प्रणालीला तिथे सगळे इफमिस म्हणत. प्रत्येक खात्याची तरतूद, देयकं, धनादेश सगळं तिच्यातून जायचं. दुसरी यादी म्हणजे बँकेचं खाते-विवरण, ज्यात प्रत्यक्ष वटलेले धनादेश क्रमांकासह येतात. तिसरा कागद कोऱ्या धनादेशांच्या साठ्याची नोंदवही. तिच्याकडे सहसा कोणी बघत नाही, पण या कामात सर्वांत मोलाची तीच.

प्रणालीच्या यादीत धनादेश क्रमांकांचे शेवटचे आकडे ४१७, ४१८, ४२० असे ओळीने होते. ४१९ नव्हता. खराब झालेला किंवा रद्द केलेला धनादेश असू शकतो, त्यात विशेष काही नाही. पण रद्द केलेला धनादेश वहीत चिकटवून ठेवायचा असतो, त्यावर तिरक्या रेषा मारून. वहीत तो चिकटवलेला नव्हता. उलट 'छपाईला दिला' अशी नोंद होती, खाली सही होती. बँकेच्या विवरणात ४१९ सापडला. वटलेला, आणि रक्कम शेजारच्या दोन्हींच्या कितीतरी पट. म्हणजे धनादेश छापला गेला, सह्या झाल्या, बँकेत वटला, पैसा गेला. प्रणालीत मात्र तो जणू कधी जन्मालाच आला नव्हता.

असा एक क्रमांक सापडला की बाकीचे शोधायला वेळ लागत नाही. कुठल्या क्रमांकांत खंड आहे ते प्रणालीच्या यादीतून काढायचं आणि तेवढेच क्रमांक बँकेच्या विवरणात पाहायचे. साध्या स्प्रेडशीटमध्ये अर्ध्या तासाचं काम. संध्याकाळपर्यंत आमच्या हातात अशा क्रमांकांची यादी होती. त्यातल्या पुष्कळ रकमा मोजक्याच कंपन्यांच्या नावे निघाल्या होत्या, आणि या कंपन्यांनी काय पुरवलं याची ना मागणी होती, ना पोचपावती, ना साठा नोंदवहीत आवक.

पद्धत अशी होती. प्रणालीत बनावट देयक टाकायचं. त्यासाठी एखाद्या लेखाशीर्षाखाली शिल्लक तरतूद लागते, ती असलेलं खातं निवडायचं. धनादेश छापायचा, सह्या घ्यायच्या, तो वटू द्यायचा. वटल्यावर प्रणालीतला व्यवहार पुसून टाकायचा. पुसल्याबरोबर तरतूद पुन्हा जशीच्या तशी शिल्लक दिसते, आणि तीच शिल्लक पुढच्या बनावट देयकाला वापरता येते. त्यामुळे खर्चाचा तिमाही तक्ता काढला, तर खातं मर्यादेत आहे असंच दिसणार. देणगीदारांच्या फाइलीला जोडलेले तक्ते याच प्रणालीतून निघत. आमच्या निर्देशांकांपैकी 'मंजूर तरतुदीच्या तुलनेत खर्च' हा निर्देशांक उत्तम दिसत होता, याचं कारण हेच.

मग बँकेतली रक्कम कमी पडून बोभाटा कसा झाला नाही? सरकारच्या मुख्य खात्यात पैसा अपुरा असला, तरी मध्यवर्ती बँक सरकारचे धनादेश लगेच परत पाठवत नाही, ती उचल देते. आपल्याकडे राज्य सरकारांना रिझर्व्ह बँकेकडून अर्थोपाय अग्रिम मिळतात, तसाच हा प्रकार. म्हणजे चोरीचं भगदाड धनादेश न वटण्यातून दिसत नाही, वाढत्या उचलीतून दिसतं. आणि उचल वाढण्याची शेकडो प्रामाणिक कारणंही असू शकतात: महसूल कमी आला, हप्ता उशिरा आला, मका महाग पडला. त्यात देणगीदारांचा हप्ता आला की उचल खाली येते आणि सगळं पुन्हा ठीक दिसायला लागतं. हे कटू आहे, पण सांगितलं पाहिजे: आमचा पैसा वेळेवर येत राहिल्यामुळे हे भगदाड जास्त काळ झाकलेलं राहिलं.

हे सगळं एका जुन्या, कंटाळवाण्या कामाने पहिल्याच महिन्यात पकडलं असतं. ते काम म्हणजे बँक ताळमेळ: आपल्या नोंदी आणि बँकेचं विवरण एकमेकांशी जुळवून पाहणं. तो होतच नव्हता असं मात्र नाही, उलट्या दिशेने होत होता. एका लेखापालाने मला त्यांची पद्धत दाखवली. तो प्रणालीतली नोंद घ्यायचा, ती बँकेच्या विवरणात शोधायचा आणि सापडली की खूण करायचा. सगळ्या नोंदींना खूण झाली की काम संपलं. मी विचारलं, बँकेच्या विवरणात ज्या ओळींना खूण नाही त्यांचं काय? तो म्हणाला, "त्या निलंबन खात्यात टाकतो, साहेब. वर्षअखेरीला बघू."

दोष इथे आहे. प्रणालीकडून सुरुवात केली, तर प्रणालीतून पुसलेली नोंद कधीच शोधली जाणार नाही, कारण शोधायला ती यादीतच नाही. सुरुवात बँकेच्या बाजूने करायला हवी. बँकेच्या विवरणातली प्रत्येक खर्चाची ओळ घ्या आणि तिचं देयक, प्रमाणक (वाउचर), मंजुरी मागा. जुळली नाही, तर ती त्याच महिन्यात नावासकट वरिष्ठांच्या टेबलावर गेली पाहिजे. निलंबन खातं ही तात्पुरती जागा आहे. तिथे पडून राहिलेली प्रत्येक ओळ म्हणजे कोणीतरी उत्तर द्यायचं टाळलेला प्रश्न. आणि विवरण बँकेकडून थेट मिळवा, खात्याच्या हातून आलेला छापील कागद घेऊ नका. तो वाटेत बदलणं अवघड नसतं.

आणखी दोन गोष्टी हमखास घडतात. पहिली, मागच्या महिन्याची न जुळलेली रक्कम आरंभीच्या शिलकेत मिसळून पुढे नेली जाते. मग दर महिन्याचा ताळमेळ 'जुळतो', पण मूळ फरक तसाच राहतो. म्हणून न जुळलेल्या ओळी एकेक करून, तारखेनिशी पुढे न्यायच्या, एका बेरजेत कधीच नाही. दुसरी, सांकेतिक शब्द वाटून घेतले जातात. मंजुरी देणारा अधिकारी दौऱ्यावर असतो, काम अडू नये म्हणून त्याचा पासवर्ड कारकुनाकडे असतो. त्या क्षणी देयक तयार करणारा आणि मंजूर करणारा वेगळा असावा हा नियम कागदावर उरतो. ज्याच्याकडे मूळ माहितीसाठ्याचे अधिकार आहेत, तो पुसू शकतो. त्याने काय पुसलं याची नोंद दुसऱ्याच्या ताब्यात, दुसऱ्या यंत्रावर नसेल, तर ती नोंदही त्याच्याच हातात असते.

सरकारी वित्तव्यवस्था तपासण्याची पेफा नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. तिच्या त्या वेळच्या आवृत्तीत २८ निर्देशांक सरकारच्या कामाचे होते आणि ३ देणगीदारांच्या कामाचे. बाविसावा निर्देशांक खात्यांच्या ताळमेळाचा. कोषागाराच्या सर्व बँक खात्यांचा ताळमेळ दर महिन्याला, महिना संपल्यावर चार आठवड्यांत होत असेल, तर श्रेणी ब. तिमाहीला, आठ आठवड्यांत होत असेल, तर क. महिनोन् महिने तुंबलेला असेल, तर ड. एकतीसपैकी हा एक निर्देशांक, आणि सरासरी काढण्याच्या सवयीत तो हरवून जातो. माझं ठाम मत आहे की थेट साहाय्याच्या निर्णयात त्याला इतरांच्या ओळीत बसवूच नये. तो ड असेल, तर बाकीचे सगळे निर्देशांक ज्या आकड्यांवर मोजले ते आकडेच संशयित ठरतात. धोरणाचा तक्ता कितीही देखणा असो, त्याच्याखाली ताळमेळ नसेल, तर तो तक्ता वाचण्यात अर्थ नाही.

मग त्या संध्याकाळचा प्रश्न: हप्त्याचं काय? चार वाटा होत्या. हप्ता सोडणं, उशीर करणं, फक्त बदलता भाग कापणं, किंवा सगळंच थांबवणं. या क्षेत्रात सर्वमान्य शहाणपण असं की कामगिरी कमी पडली, तर कपात पुढच्या आर्थिक वर्षात करावी, चालू वर्षाच्या अर्थसंकल्पाला भोक पाडू नये. मूलभूत अटच मोडली असेल, तर मात्र वर्षाच्या मध्येही थांबवता येतं. इथे मूलभूत अट मोडली होती, यात शंका नव्हती. बदलता भाग कापून स्थिर भाग देणं म्हणजे आपली अटच आपण मानत नाही असं सांगणं झालं असतं. मी थांबवण्याच्या बाजूने मत दिलं आणि आजही तेच देईन.

पण थांबवण्याची किंमत कोण भरतं, ते त्या टेबलावर मोठ्याने बोललं गेलं पाहिजे. मलावीचं आर्थिक वर्ष तेव्हा जुलै ते जून होतं. देशाचं मुख्य परकीय चलन तंबाखूतून येतं, आणि तंबाखूचा लिलाव हंगाम सप्टेंबरच्या आत आटोपतो. ऑक्टोबर ते मार्च हे परकीय चलनाच्या टंचाईचे महिने. त्यातच पाऊस नोव्हेंबरात सुरू होतो. त्याआधी खत बाहेरून आणून लहान शेतकऱ्यांना सवलतीने वाटायचं असतं. देणगीदारांचे हप्ते नेमके याच महिन्यांत येण्यावर सारं गणित बेतलेलं असतं. नोव्हेंबरपर्यंत मुख्य देणगीदारांनी सुमारे १५ कोटी डॉलरचं साहाय्य रोखलं. सरकारला ती तूट देशातल्या बँकांकडून कर्ज काढून भरावी लागली, आणि तेव्हा रिझर्व्ह बँकेचा धोरण दरच २५ टक्के होता. ज्यांनी एक क्वाचाही चोरला नव्हता, अशा रुग्णालयांच्या खरेदीला यातून कात्री लागली. पेफामध्ये देणगीदारांसाठीचा पहिला निर्देशांक, ड-१, नेमका हेच मोजतो: कबूल केलेलं थेट साहाय्य ठरल्या वेळी आलं का. त्या वर्षी तो निर्देशांक आमच्या बाजूला काय दिसेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता.

म्हणून थांबवताना तीन गोष्टी त्याच पत्रात लिहून द्याव्यात, असं मी तेव्हा मांडलं. पुन्हा सुरू होण्यासाठी काय लागेल ते मोजता येईल अशा शब्दांत: अमुक खात्यांचा ताळमेळ अमुक तारखेपर्यंत बँकेच्या बाजूने पूर्ण, सामायिक वापरकर्ता-खाती बंद, पुसलेल्या व्यवहारांची नोंद लेखापरीक्षकांच्या ताब्यात. पुढचा आढावा कोणत्या महिन्यात होईल ते. आणि औषध व खत यांसाठीचा पैसा तोवर कोणत्या मार्गाने येईल ते. 'सुधारणा समाधानकारक झाल्यावर' हे वाक्य अशा पत्रात असूच नये. त्याने अर्थखात्याला ना नियोजन करता येतं, ना आपल्याच खात्यांवर दबाव आणता येतो.

पुढचा भाग नोंदीत आहे. राष्ट्राध्यक्ष जॉइस बांडा यांनी ऑक्टोबरमध्येच मंत्रिमंडळ बरखास्त केलं. ब्रिटनच्या पैशातून बेकर टिली या संस्थेने १ एप्रिल ते ३० सप्टेंबर २०१३ या सहा महिन्यांचं न्यायवैद्यक (फॉरेन्सिक) लेखापरीक्षण, म्हणजे गैरव्यवहाराचा माग काढणारी हिशेबतपासणी, केलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये आलेल्या अहवालात तीन ढीग वेगळे दाखवले होते: सुमारे ६१० कोटी क्वाचा पुसलेल्या व्यवहारांतून, सुमारे ३९५ कोटी कागदपत्रंच नसलेल्या प्रदानांतून, आणि सुमारे ३६२ कोटी फुगवलेल्या खरेदी दरांतून. हे वेगळं दाखवणं महत्त्वाचं. पहिला ढीग बँक ताळमेळाने पकडता येतो. दुसऱ्यासाठी प्रमाणकं तपासावी लागतात. तिसरा या दोन्हींतून निसटतो, कारण धनादेश खरा, देयक खरं, माल आलेला, फक्त भाव चढा. त्यासाठी बाजारभावाशी तुलना करणारा माणूस लागतो. एका उपायाने तिन्ही बंद होतील असं जो सांगतो, त्याने हा अहवाल वाचलेला नाही.

नंतर २००९ ते २०१४ या काळाचं विश्लेषण झालं, तेव्हा न जुळलेल्या रकमेचा ५७७ अब्ज क्वाचा असा आकडा सुरुवातीला गाजला. पुढच्या छाननीत तो २३६ अब्जांवर आला. न जुळलेली रक्कम आणि चोरलेली रक्कम यांत फरक असतो. कागद उशिरा सापडला तरी ओळ जुळते. पण पाच वर्षांनी जुळवायला बसलं की हा फरक ठरवणारी माणसं बदली होऊन गेलेली असतात, वाउचरच्या गठ्ठ्यांना वाळवी लागलेली असते, आणि चोर व गबाळा एकाच बेरजेत बसतात. मे २०१४ च्या निवडणुकीत बांडा हरल्या. माजी न्यायमंत्री राल्फ कसाम्बारा यांना २०१६ मध्ये अर्थसंकल्प संचालकांवरच्या त्या गोळीबाराच्या कटाबद्दल शिक्षा झाली.

जागतिक बँकेने मे २०१७ मध्ये ८ कोटी डॉलरचं अर्थसंकल्पीय साहाय्य देऊन ही वाट पुन्हा उघडली. मधल्या काळात बहुतेक देणगीदारांचा पैसा मलावीत येत होताच, पण सरकारच्या खात्याला वळसा घालून: वेगळी बँक खाती, वेगळे लेखापाल, वेगळं लेखापरीक्षण. त्यातून चोरीचा धोका कमी होतो, हे खरं. पण प्रकल्प कार्यालयातला पगार सरकारी कार्यालयापेक्षा बराच जास्त असतो, आणि ज्यांना ताळमेळ नीट करता येतो तेच लेखापाल आधी तिकडे जातात. मागे राहिलेल्या कार्यालयात बँकेची विवरणं येत राहतात, खुणा करायला माणूस नसतो. वळसा घालायचाच असेल, तर त्या प्रकल्पांच्या खर्चातला एक ठरावीक हिस्सा कोषागाराच्या ताळमेळ शाखेतल्या जागा भरण्यासाठी बाजूला काढला पाहिजे, आणि तो करारातच लिहिला पाहिजे.